खपलीचं पीठ, ज्वारीची भाकरी आणि ग्लूटेनचे जीन्स: एपिसोडचा लिखित मजकूर

[००:००]

ज्यांचे इअरफोन कायम घरी राहतात आणि कंपनीची बस नाशिक फाट्यावर अडकलेली असते, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलण्यातला सूर तसाच ठेवलाय, फक्त माझे ‘म्हणजे बघा’ जरा कापलेत.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे ठरला. चाकणला राहणाऱ्या एका श्रोत्याने विचारलंय: ‘दादा, माझ्या धाकट्या बहिणीला सिलियाक निघालाय. डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केलाय. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर खपली गव्हाचं पीठ मिळतं, पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलंय. आई म्हणते जुना देशी गहू आहे, हायब्रिड नाही, चालत असेल. खरंच चालतं का?’

एपिसोड अर्ध्यात बंद करणारे खूप आहेत, म्हणून उत्तर आधी देतो. नाही चालत. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे आणि सिलियाक असलेल्या माणसाला तो अपाय करतो. पाकिटावर काहीही छापलेलं असो. डॉक्टरांनी सांगितलंय तेच बरोबर.

पण ‘नाही’ म्हणून विषय संपत नाही, कारण आईच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे. खपलीचं ग्लूटेन खरंच वेगळं असतं. ते वेगळं का, आणि वेगळं असूनही सुरक्षित का नाही, हे कळायला गव्हाच्या जीन्सचा इतिहास बघावा लागतो. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, शेतकी शास्त्रज्ञ नाही. पण हा इतिहास वाचताना मला सारखं वाटत होतं, अरे, हा तर आमच्या कोडबेससारखाच प्रकार आहे.

[०१:५०]

आधी ग्लूटेन हातात घेऊन बघू. घरी मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्या, अर्धा तास झाकून ठेवा, मग नळाच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळत धुवा. पांढरं पाणी जाईल, तो स्टार्च. पाच-दहा मिनिटांनी हातात जे चिवट, रबरासारखं उरेल, ते ग्लूटेन. इटलीतल्या बोलोन्याचे याकोपो बेक्कारी यांनी हाच प्रयोग करून १७४५ मध्ये छापला. प्रोटीन हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता.

आता हेच ज्वारीच्या पिठाचं करा. हातात काहीच उरणार नाही, सगळं वाहून जाईल. ज्वारीत प्रोटीन नसतं असं मुळीच नाही, ते जाळं विणत नाही एवढंच. म्हणून तर आजी भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवते. गरम पाण्याने स्टार्च चिकट होतो आणि प्रोटीनने करायचं काम तो करतो. तरी भाकरी लाटता येत नाही, थापावीच लागते.

१९०७ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ थॉमस ऑसबोर्न यांनी गव्हाच्या दाण्यातल्या प्रोटीन्सवर पुस्तक लिहिलं. काय कशात विरघळतं यावरून त्यांनी वर्ग पाडले: पाण्यात विरघळणारे एक, मिठाच्या पाण्यात विरघळणारे दुसरे, अल्कोहोलमध्ये विरघळणारे तिसरे. या तिसऱ्या वर्गाचं नाव प्रोलामिन, कारण त्यात प्रोलिन आणि ग्लुटामिन ही दोन अमिनो आम्लं ठासून भरलेली असतात. गवत कुळातल्या धान्यांत हे घराणं सगळीकडे पसरलंय. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन, जवात म्हणजे बार्लीत होर्डिन, रायमध्ये सेकॅलिन, मक्यात झीन, ज्वारीत काफिरिन, बाजरीत पेनिसेटिन. तांदूळ आणि ओट्सनी जरा वेगळी वाट धरली. त्यांच्यात प्रोलामिन थोडं आणि दुसऱ्याच घराण्यातलं प्रोटीन जास्त.

रोपाला हे सगळं कशासाठी लागतं? नायट्रोजनची बॅटरी म्हणून. बी रुजतं तेव्हा कोंबाला नायट्रोजन हवा असतो, पण मुळं अजून कामाला लागलेली नसतात. ग्लुटामिनच्या एका रेणूत नायट्रोजनचे दोन अणू, त्यामुळे थोड्या जागेत जास्त साठा होतो. म्हणून ग्लायडिनमध्ये दर तीन अमिनो आम्लांमागे साधारण एक ग्लुटामिन. आपली पोळी मऊ व्हावी हा हेतू रोपाचा कधीच नव्हता.

[०४:२५]

इथून खरी गंमत सुरू होते. एखाद्या एन्झाइमच्या जीनमध्ये एक अक्षर चुकलं तर रोप मरू शकतं. त्या जीनवर रोज कडक टेस्टिंग चालू असतं. साठवणीच्या प्रोटीनवर मात्र टेस्ट जवळजवळ नाहीतच. नायट्रोजन साठतोय ना, दाण्यात नीट बसतंय ना, झालं, पास. टेस्ट नसलेल्या कोडचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. लोक कॉपी-पेस्ट करत सुटतात.

अगदी तसंच झालंय. ग्लुटेनिनच्या मोठ्या रेणूचा मधला भाग बघितला तर सहा-सहा आणि नऊ-नऊ अमिनो आम्लांचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, एकाच ओळीचा लूप चालू असल्यासारखे. पेशी विभागताना गुणसूत्रांची जोडी जुळवताना असा सारखा मजकूर घसरतो, आणि एका बाजूला दोन तुकडे वाढतात, दुसऱ्या बाजूला दोन कमी होतात. तुकड्यांच्या पातळीवर जे होतं तेच अख्ख्या जीनच्या पातळीवरही होतं. अल्फा-ग्लायडिनचे जीन गव्हाच्या सहाव्या गटातल्या गुणसूत्रांवर डझनांनी आहेत. मूळ एक असावा, त्याच्या प्रती होत गेल्या.

त्यातल्या कित्येक मेलेल्या आहेत. का? ग्लुटामिनसाठी डीएनएत सी-ए-ए किंवा सी-ए-जी ही अक्षरं येतात. पहिल्या सी-चा टी झाला की टी-ए-ए किंवा टी-ए-जी तयार होतं, आणि त्याचा अर्थ ‘इथे थांब’. सी-चा टी होणं ही डीएनएतली अगदी नेहमीची चूक. ज्या जीनमध्ये ग्लुटामिनच ग्लुटामिन, त्यात अशी चूक कुठे ना कुठे होणारच. मग ती प्रत कमेंट केलेल्या कोडसारखी पडून राहते. काढत कुणी नाही, चालतही नाही. दुसऱ्या प्रती काम करतात, म्हणून रोपाला काही फरक पडत नाही.

साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी भाताची आणि गव्हाची वाट वेगळी झाली. गहू आणि जव त्यामानाने अलीकडे वेगळे झाले, साधारण एक कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळे होर्डिन आणि ग्लायडिन सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. याचा थेट परिणाम आपल्या श्रोत्याच्या बहिणीवर होतो: सातूचं पीठ तिला चालणार नाही, कारण त्यात जव असतो, बऱ्याच घरी गहूही. ज्वारीचं काफिरिन आणि मक्याचं झीन मात्र लांबचे चुलते. आडनाव तेच, चेहरा वेगळा. ते तिला चालतात.

[०७:००]

आता मर्ज. मर्ज म्हटलं की टीममधल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, पण गव्हाने हे दोनदा केलंय, आणि दोन्ही वेळा कॉन्फ्लिक्ट न सोडवता.

पहिली वेळ साधारण पाच लाख वर्षांपूर्वी. एक रानगवत, शास्त्रीय नाव ट्रिटिकम उरार्तू, त्याच्या जीनोमला ‘ए’ म्हणतात. दुसरं एजिलॉप्स जातीतलं गवत, त्याचा ‘बी’. दोघांचा संकर झाला आणि दोन्ही जीनोम अख्खेच्या अख्खे एका रोपात राहिले. सात आणि सात, चौदा जोड्या गुणसूत्रं. हा रानटी एमर गहू. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तान-सीरिया-इस्रायलच्या पट्ट्यात माणसाने तो माणसाळवला. त्याचाच थेट वंशज म्हणजे आपली खपली. आपल्याकडे बन्सी म्हणतात तो ड्युरम गहू, ज्याचा बन्सी रवा मिळतो, तोही याच चौदा जोड्यांच्या शाखेतला.

दुसरी वेळ शेती सुरू झाल्यानंतरची. कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेला एमरच्या शेतात एजिलॉप्स तौशी नावाचं गवत तण म्हणून वाढत होतं. त्याचा जीनोम ‘डी’. पुन्हा संकर, पुन्हा सगळं कोड आत. एकवीस जोड्या. हा आपला रोजचा गहू: गिरणीत तुम्ही ‘लोकवन’ म्हणून मागता तो, मध्य प्रदेशातून येणारा सिहोर शरबती, सगळे यातले. (लोकवन म्हणजे खरं तर लोक-१. गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने काढलेला वाण. वनाचा काही संबंध नाही.)

आकडा ऐका. माणसाच्या जीनोममध्ये तीन अब्ज अक्षरं, गव्हाच्या जीनोममध्ये सोळा-सतरा अब्ज. त्यातला ८५ टक्के भाग पुन्हा पुन्हा येणारा मजकूर. म्हणून तांदळाचा जीनोम कधीच वाचून झाला होता आणि गव्हाचा नीट संदर्भ-जीनोम २०१८ साली आला. त्यात एक लाख सात हजारांहून जास्त जीन सापडले. या आंतरराष्ट्रीय कामात ‘२ए’ हे गुणसूत्र भारताच्या वाट्याला होतं.

ग्लूटेनच्या दृष्टीने डी-चं येणं फार मोठं. मोठ्या ग्लुटेनिनचे जीन प्रत्येक जीनोमच्या पहिल्या गुणसूत्रावर जोडीने बसतात, एक एक्स आणि एक वाय. तीन जीनोम म्हणजे सहा जीन. त्यातला ए-जीनोमचा वाय-जीन रोजच्या गव्हात बहुतेक वेळा बंदच असतो. म्हणजे प्रत्यक्षात तीन ते पाच चालतात. कणकेचा ताठपणा कुठून येतो हे शोधताना केंब्रिजच्या पीटर पेन यांच्या गटाने १९८० च्या दशकात दाखवलं की डी-जीनोमवरची जोडी सगळ्यात वजनदार. त्या जोडीचा ‘५+१०’ नावाचा प्रकार असेल तर पावाची कणीक जास्त ताठ, ‘२+१२’ असेल तर सैल. फरक किती, तर ५ नंबरच्या प्रोटीनमध्ये एक सिस्टिन जास्त. सिस्टिन हे हुक असतात, दोन रेणूंना एकमेकांत अडकवणारे. एक हुक वाढला आणि पाव फुगला. चपातीला अर्थात पावाइतका ताठपणा नको. लाटल्यावर परत आकसणारी कणीक कुणालाच आवडत नाही.

[१०:१०]

आता खपलीकडे. खपलीत डी-जीनोम नाही. म्हणजे ती वजनदार जोडीच नाही. जाळं विणलं जातं, पण ढिलं. खपलीचा पाव फुगत नाही, पुरणपोळी आणि खीर मात्र छान होते. प्रोटीन कमी असतं असंही नाही. टक्केवारीत खपली बऱ्याचदा रोजच्या गव्हाच्या पुढेच जाते. कमी असते ती ताकद.

अर्ध्या सत्याचा दुसरा तुकडा जास्त धोकादायक आहे. प्रोलिन जिथे दाटीने असतं तिथे आपली पाचक एन्झाइम्स कापू शकत नाहीत. २००२ मध्ये अल्फा-ग्लायडिनमधला ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा सापडला, जो पोटातून आतड्यापर्यंत अखंड जातो. ज्यांच्याकडे डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ ही रोगप्रतिकारक जीन्स आहेत, त्यांच्यातल्या काहींचं शरीर या तुकड्याला शत्रू समजतं आणि आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करतं. तो सिलियाक. आणि हा कुप्रसिद्ध तुकडा येतो डी-जीनोमवरच्या जीनमधून, म्हणजे तो खपलीत नाही!

इथपर्यंत वाचून रील बनवणारे थांबतात. पुढचं असं की सिलियाक चेतवणारा तो एकच तुकडा नाही. ए-जीनोमवरच्या ग्लायडिन जीन्समध्येही असे भाग आहेत, आणि पहिल्या गुणसूत्रांवरच्या गॅमा आणि ओमेगा ग्लायडिनमध्येही. खपलीत ए आहे, बी आहे, ते सगळे जीन आहेत. दहापैकी एक दरवाजा बंद केला म्हणून चोर येत नाही असं नसतं. आणि ‘देशी आहे, जुना आहे’ हा मुद्दा तर इथे लागूच होत नाही. हे जीन माणसाने शेती सुरू करायच्या कितीतरी आधीचे आहेत.

ज्यांना सिलियाक नाही त्यांनी खपली खुशाल खावी, चवीला मलाही आवडते. पण ग्लूटेन-फ्री हा आपल्याकडे कायद्यातला शब्द आहे: अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. खपलीचं पीठ त्या मर्यादेच्या जवळपाससुद्धा येत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर विकणाऱ्या काकूंना बहुधा हे माहीत नसेल. कुणीतरी नीट सांगा त्यांना. दिल्ली परिसरातल्या पाहणीत शंभरात साधारण एका माणसाला सिलियाक आढळला होता. तेव्हा तुमच्याही ग्रुपवर कुणीतरी असू शकतं.

श्रोत्याच्या घरासाठी अजून दोन गोष्टी, कारण पथ्य बहुतेक वेळा इथे मोडतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा हे चालतं, पण गहू दळल्यावर त्याच जात्यात दळलेली ज्वारी नाही चालत. जमलं तर घरगुती चक्की फक्त त्यासाठी ठेवा. आणि हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

[१२:४५]

आतापर्यंत गोदामाबद्दल बोललो. गोदामात माल किती येतो हे ठरवणारा एक जीन आहे, त्याची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत आवडली.

१९०६ मध्ये आरन आरनसन या शास्त्रज्ञाला आजच्या इस्रायलमध्ये रोश पिना इथे खडकाच्या कपारीत रानटी एमर सापडला. या रानगव्हाच्या दाण्यात प्रोटीन भरपूर असतं हे पुढे कळलं. त्यामागचा जीन नेमका कुठला, हे बरोबर शंभर वर्षांनी, २००६ मध्ये, हैफा आणि कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस इथल्या गटांनी दाखवलं. नाव एनएएम-बी१. तो प्रोटीन बनवत नाही. तो पानांना सांगतो, आता पिकायला लागा. पानं लवकर पिवळी पडतात आणि त्यांच्यातला नायट्रोजन, लोह, जस्त दाण्यात उतरतं. संशोधकांनी या घराण्यातल्या जीन्सचा आवाज दाबून बघितला, तर पानं तीन आठवड्यांहून जास्त उशिरा पिकली आणि दाण्यातलं प्रोटीन, लोह, जस्त ३० टक्क्यांहून जास्त घटलं.

आणि आपल्या गव्हात हा जीन? बन्सीच्या शाखेत त्यात एक अक्षर जास्तीचं घुसलंय, त्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं, एका जास्तीच्या कंसाने अख्खी फाइल कंपाइल होऊ नये तसं. रोजच्या गव्हात तर बहुतेक ठिकाणी जीनच गायब. बहुधा असं झालं असावं: पान जास्त दिवस हिरवं राहिलं तर दाण्यात स्टार्च जास्त भरतो, दाणा टपोरा होतो. शेतकरी टपोरा दाणा निवडणार. प्रोटीन डोळ्याला दिसत नाही. याला एक सुंदर पुरावा आहे. १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातले गव्हाचे नमुने जपून ठेवले होते, त्यांचा डीएनए काढला तर काहींमध्ये चालू जीन सापडला. उत्तर युरोपातल्या काही जुन्या गव्हांतही तो टिकलाय, जिथे उन्हाळा इतका छोटा की लवकर पिकणं फायद्याचंच होतं.

रानगव्हातला हा जीन भारतीय वाणांत आणायचं काम मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठात आणि वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात झालंय. संकर करायचा, मग प्रत्येक पिढीत डीएनए-खूण बघून हवी ती रोपं ठेवायची. हे जीन-बदल पीक नव्हे, नेहमीचाच संकर, फक्त निवड डोळ्याऐवजी डीएनएवरून.

आपल्या जवळचं काम पुण्यात होतं. आघारकर संशोधन संस्था, पत्ता गोपाळ गणेश आगरकर रस्ता. आघारकर आणि आगरकर ही दोन वेगळी माणसं, मॅपवर शोधताना गोंधळू नका. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून ती सुरू केली, १९९२ मध्ये त्यांचं नाव दिलं. जुन्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं वाणांच्या नावात राहिली: एमएसीएस. एमएसीएस २९७१ ही त्यांची बुटकी खपली. एमएसीएस ४०२८ हा कोरडवाहू बन्सी, १०२ दिवसांत तयार, प्रोटीन १४.७ टक्के. एमएसीएस ६४७८ हा रोजच्या गव्हाचा वाण, ११० दिवस, प्रोटीन साधारण १४ टक्के. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांनी तो लावला आणि हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल काढले. आधी लोकवन आणि इतर जुन्या वाणांचे २५ ते ३० निघायचे.

टक्केवारी बघताना एक सांभाळा. ४०२८ कोरडवाहूत हेक्टरी साधारण १९ क्विंटल देतो, म्हणजे हेक्टरी पावणेतीन क्विंटल प्रोटीन. ६४७८ किमान ४५ धरला तरी सहाच्या वर. टक्का जवळपास तोच, माल दुप्पट. अर्थात एकाला पाणी नाही आणि दुसऱ्याला आहे, त्यामुळे ही शर्यत बरोबरीची नाही. शिवाय तोच वाण, तीच जमीन, पण युरिया कधी दिला आणि फेब्रुवारीत ऊन किती तापलं यावर टक्का वरखाली होतो. पाकिटावरच्या प्रोटीनच्या आकड्याला इतकं मनावर घेऊ नका.

[१६:२०]

शेवटचा किस्सा, परक्या लायब्ररीचा. गव्हाच्या ‘१बी’ गुणसूत्राची आखूड बाजू काढून तिथे रायची आखूड बाजू बसलेले वाण जगभर पसरले, कारण त्या तुकड्यात तांबेरा रोगाला रोखणारे जीन होते. १९९५ मध्ये आलेला आणि पुढे उत्तर भारतभर पेरला गेलेला पीबीडब्ल्यू ३४३ त्यातलाच. पण त्या बाजूवरचे गव्हाचे काही ग्लायडिन आणि छोटे ग्लुटेनिन गेले आणि रायचे सेकॅलिन आले. अशा गव्हाची कणीक चिकट होते. रोगाचा बंदोबस्त आणला, सोबत दुसऱ्याचं साठवणीचं प्रोटीनही आलं, वेगळं करता येईना. आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी युगांडात तांब्याची अशी जात सापडली, जिने रायमधून आलेला तो बंदोबस्तच मोडला.

तांबेऱ्यावर काम करणारं केंद्र आपल्या महाबळेश्वरला आहे, स्ट्रॉबेरीच्या गर्दीत कुणाचं लक्ष जात नाही. पुढचा एपिसोड त्यावर. कणीक धुण्याचा प्रयोग केलात तर गोळ्याचा फोटो पाठवा, आणि कुठल्या गव्हाचा तेही लिहा.